भाजणी ओळखणाऱ्या नाकाला काळी बिअर जड नाही

मी लालबागला चाळीत वाढले. मार्च-एप्रिलमध्ये घरोघरी वर्षाचा मसाला व्हायचा. दुसऱ्या मजल्यावर अभ्यासाला बसल्या बसल्या मला कळायचं, की खाली कुणाचं तरी खोबरं आता कढईतून उतरवायला हवं, धणे अजून कच्चे आहेत, आणि शेजारच्यांच्या मिरच्या करपल्या. हे कुणी बसवून शिकवलं नव्हतं. नाक आपोआप तयार झालं होतं.

काही वर्षांपूर्वी धाकट्या भावाने लोअर परळला, जुन्या गिरणीच्या आवारातल्या एका ब्रू-पबमध्ये, म्हणजे बिअर तिथेच बनवून देणाऱ्या पबमध्ये नेलं. समोर आलेला ग्लास कोऱ्या कॉफीपेक्षा काळा. मी हुंगला आणि म्हटलं, "अरे, ही तर थालीपिठाच्या भाजणीची कढई!" तो म्हणाला, "ताई, सगळे यात चॉकलेट आणि कॉफी शोधतात. तुला भाजणी कुठून सापडली?" पण होती ती भाजणीच. भाजलेल्या धान्याचा वास होता तो, आणि तो ओळखायला मला कुठल्याही परदेशी शब्दाची गरज पडली नाही.

काळी, कडक बिअर पहिल्यांदा चाखणाऱ्यांसाठी मी हे लिहिते आहे. स्टाउट, इम्पीरियल स्टाउट, पोर्टर ही नावं मेन्यूवर वाचून मागे सरकणाऱ्या माझ्यासारख्यांसाठी. तुमच्या घरात कधी भाजणी, मेतकूट किंवा मसाला झाला असेल, तर निम्मं शिक्षण आधीच झालेलं आहे.

वयाचं आधीच सांगते. महाराष्ट्रात कडक मद्यासाठी वयाची अट २५ वर्षांची आहे. या लेखातली बिअरही जोरदार असल्यामुळे तीच अट धरून चाला. मद्यपानाचा परवानाही आपल्या राज्यात लागतो. एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन, जो सोयीचा असेल तो काढून ठेवा.

रंग वेगळा, ताकद वेगळी

दुकानात 'स्ट्राँग' म्हणून मिळणारी ६५० मिलीची बाटली बहुतेक वेळा लागर नावाची पिवळी बिअर असते. ती बर्फासारखी गार करून प्यायची, चवीकडे फार लक्ष द्यायचं नाही, हा आपल्याकडचा रिवाज. त्यामुळे पिवळी स्ट्राँग असेल तर काळी त्याहून कडक असणार, असं लोक गृहीत धरतात. तसं नाही. डब्लिनच्या प्रसिद्ध गिनेस ड्राफ्टमध्ये अल्कोहोल ४.२ टक्के आहे, म्हणजे आपल्या पिवळ्या स्ट्राँगपेक्षा कितीतरी कमी. रंग येतो धान्य भाजण्यातून. ताकद येते पाण्याच्या मानाने धान्य किती घातलं, त्यातून किती साखर सुटली आणि यीस्टने त्यातली किती खाल्ली यावरून.

इम्पीरियल स्टाउटमध्ये दोन्ही गोष्टी एकत्र येतात. धान्य भरपूर, त्यातलं थोडं कडकडीत भाजलेलं, आणि अल्कोहोल जगभरात साधारण ८ ते १२ टक्के. भारतातल्या नियमांत बिअरची वरची मर्यादा ८ टक्के आहे. त्यामुळे इथल्या ब्रुअरीचा, म्हणजे बिअरच्या कारखान्याचा, दमदार स्टाउट त्या मर्यादेच्या आत बसवलेला असतो. चाखायला शिकणाऱ्याच्या दृष्टीने हे चांगलंच आहे, कारण ६-८ टक्क्यांच्या स्टाउटमध्ये भाजणीची चव अल्कोहोलच्या जळजळीखाली दबत नाही.

बनते कशी, तेही थोडक्यात पाहू. नाचणीचं सत्त्व करताना आपण नाचणी भिजवतो, मोड आणतो, वाळवतो. सातूचं, म्हणजे बार्लीचं, हेच करतात. मोड आले की दाण्यात स्टार्चची साखर करणारी एन्झाइम तयार होतात. मग भट्टीत वाळवून मोड तिथेच थांबवतात, आणि हे झालं माल्ट. बहुतेक माल्ट फिकाच ठेवतात. थोडं धान्य मात्र २०० अंश सेल्सिअसच्या वर नेऊन काळं होईपर्यंत भाजतात. बहुतेक स्टाउटमध्ये हे काळं धान्य एकूण धान्याच्या साधारण दहाव्या भागाइतकंच असतं. अख्खा घडा रंगवायला तेवढं पुरतं. नंतर साधारण ६५ अंशांच्या गरम पाण्यात धान्याचा अर्क काढायचा, हॉप्स नावाची कडवट फुलं घालून तो उकळायचा, थंड करून यीस्ट घालायचं. मेन्यूवर 'चॉकलेट माल्ट' लिहिलेलं दिसलं तर त्यात चॉकलेट असेलच असं नाही. ते त्या भाजणीच्या पायरीचं नाव आहे.

पोर्टर म्हणजे हमाल

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या रस्त्यांवर आणि गोदीत ओझी वाहणाऱ्या हमालांमध्ये एक गडद तपकिरी बिअर लोकप्रिय झाली. त्यांच्यावरूनच तिचं नाव पोर्टर पडलं. मशीद बंदर आणि भाऊचा धक्का पाहिलेल्या माणसाला या नावाचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. पोर्टरमधली जी जास्त कडक, ती 'स्टाउट पोर्टर'. पुढे नुसतं स्टाउट उरलं. लंडनच्या थ्रेल यांच्या ब्रुअरीतून फार कडक स्टाउट रशियाच्या राणी कॅथरीनच्या दरबारासाठी जाई. 'इम्पीरियल' हा शब्द त्या व्यापारातून आला.

मला यातला सगळ्यात आवडणारा भाग १८१७ सालचा आहे. फार पूर्वी पोर्टरसाठी सगळंच माल्ट तपकिरी भाजत. अर्कातली साखर मोजणारा हायड्रोमीटर हाती आल्यावर ब्रुअर लोकांना, म्हणजे बिअर बनवणाऱ्यांना कळलं, की फिक्या माल्टमधून साखर जास्त सुटते आणि तपकिरीत पैसा वाया जातो. पण फिकं माल्ट वापरलं तर रंग आणि चव कुठून आणायची? डॅनियल व्हीलरने फिरत्या पिंपात धान्य काळं भाजण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. पिंप फिरत असल्यामुळे दाणा जळून राख होत नाही, सगळीकडून सारखा काळा होतो. कढईत सतत कालथा फिरवत राहण्यामागे हेच तत्त्व आहे. आजचा स्टाउट त्या पिंपातून निघाला.

मुंबईशीही हिचं नातं जुनं आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात जहाजांतून इंग्रज सैनिकांसाठी पोर्टर भरपूर यायची. आज बोलबाला आहे तो इंडिया पेल एल या फिक्या, कडवट बिअरचा, पण सैनिकांच्या बराकींत पोर्टरच जास्त प्यायली जाई. नाशिकजवळच्या देवळाली छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत सैनिक महिनोन्‌महिने अडकून पडत आणि वेडेपिसे होत. त्यावरून इंग्रजीत 'डूलाली' हा शब्द रुळला. २००९ साली पुण्यात सुरू झालेल्या आणि नंतर मुंबईत आलेल्या डूलाली या ब्रुअरीचं नाव त्याच देवळालीवरून आहे. मुंबई शहरातली पहिली मायक्रोब्रुअरी, म्हणजे छोटी ब्रुअरी, लोअर परळची द बार्किंग डिअर. तिथे २०१३ साली स्वतःची बिअर बनायला लागली. पाठोपाठ डोंबिवलीत गेटवे ब्रुइंग कंपनीने उत्पादन सुरू केलं.

इतक्या दमट हवेत काळी, जड बिअर कशाला, असं मला नेहमी विचारतात. उत्तर श्रीलंकेत आहे. तिथला लायन स्टाउट ८.८ टक्क्यांचा आहे. जमैका आणि नायजेरियातही गोडसर, कडक स्टाउट पिढ्यान्‌पिढ्या पितात. उकाड्याच्या देशांतली ही एक स्वतंत्र परंपरा आहे. तरी मला विचाराल, तर मुंबईत तिचा खरा ऋतू जुलै. बाहेर पाऊस लागलेला, खिडकीच्या काचा धुकटलेल्या, आणि कुठेही जायची घाई नाही.

पहिला धडा घरी, बिअरशिवाय

पबमध्ये जाण्याआधी हे एकदा करून पाहा. याला खर्च जवळजवळ काहीच नाही आणि फायदा आयुष्यभराचा.

वाण्याकडून पाव किलो बार्ली आणा. मंद आचेवर लोखंडी कढईत भाजायला घ्या. बदामी रंग आला, बिस्किटासारखा वास सुटला, की एक मूठ बाहेर काढा. उरलेली तपकिरी होऊ द्या. भाजक्या शेंगदाण्यांचा, मग जरा कोकोसारखा वास येईल, तेव्हा दुसरी मूठ काढा. शेवटची जवळजवळ काळी होईपर्यंत भाजा, खिडकी उघडी ठेवून. राखेचा वास यायच्या आत आच बंद करायची. तिन्ही मुठी थोड्या कुटा, वेगवेगळ्या कपांत उकळतं पाणी ओता, दहा मिनिटं झाका, गाळा आणि कोमट असताना चाखा.

पहिल्या कपात पावाची, खारीची चव मिळेल. दुसऱ्यात भाजणी आणि किंचित कॉफी. तिसरा कडू असेल आणि त्याच्या पाठोपाठ जिभेवर सुपारी चघळल्यासारखा तुरटपणा येईल. हा तिसरा कप लक्षात ठेवा. कडू आणि तुरट वेगळे असतात, हे एरवी वाचून कळत नाही. कडू ही चव आहे. तुरट ही जिभेला होणारी जाणीव आहे, तोंड कोरडं पडून जीभ टाळ्याला घासल्यासारखी. चांगल्या स्टाउटमध्ये कडूपणा हवाच. तुरटपणा अगदी जरासाच चालतो.

पबमध्ये काय मागायचं

जेवून, पान खाऊन किंवा सिगरेट ओढून जाऊ नका. त्या दिवशी अत्तर लावू नका. सर्दी असेल तर बेत पुढे ढकला, कारण नाकाशिवाय यातलं काही हाती लागत नाही.

बसल्यावर एकदम मोठा मग मागवू नका. बहुतेक मायक्रोब्रुअरींमध्ये छोट्या ग्लासांचा सॅम्पलर मिळतो. फिकी, हलकी बिअर आधी आणि काळी, कडक शेवटी, या क्रमाने चाखा. उलट केलंत तर स्टाउटनंतर गव्हाची बिअर पाण्यासारखी लागेल. मधे मधे साधं पाणी आणि साधा पाव. मस्का नको, चटणी नको, नुसता लादीपाव. जीभ परत कोरी करायला त्याच्याइतकं चांगलं दुसरं काही मला सापडलेलं नाही.

वाढणाऱ्याला तीन प्रश्न विचारा: यात अल्कोहोल किती टक्के, यात कॉफी किंवा दुसरं काही वरून घातलं आहे का, आणि ही नायट्रोवर आहे का. नायट्रो म्हणजे नायट्रोजन मिसळून दिलेली. तिचा फेस सायीसारखा दाट येतो, ग्लासात बुडबुडे खाली वाहताना दिसतात, तोंडाला ती मखमली लागते. पाहायला सुंदर, पण वास थोडा झाकला जातो. शिकायला साधी घ्या.

ग्लास आणि थंडावा

वर निमुळता होणारा, पोटाला फुगीर ग्लास हवा. ब्रँडीचा किंवा रेड वाइनचा चालतो. वास त्यात कोंडून राहतो. सरळसोट उंच ग्लासात तो उडून जातो. ग्लास अर्ध्याच्या वर भरायचा नाही.

ग्लास स्वच्छ म्हणजे खरोखर स्वच्छ हवा. आपल्या स्वयंपाकघरातल्या ग्लासांना तेलाचा सूक्ष्म थर असतोच, आणि तेलाने फेस मरतो. गरम पाण्याने धुवून उलटा निथळू द्या. ओट्यावरच्या फडक्याने पुसू नका. खात्री करायची असेल तर आतून ओला करून चिमूटभर मीठ भुरभुरवा. मीठ सगळीकडे सारखं चिकटलं तर ग्लास साफ आहे. जिथे चिकटलं नाही तिथे तेल किंवा साबण उरलेला आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. अति गार बिअरला चव नसते. फ्रिजमधून काढलेली बाटली ४-५ अंशांवर असते, आणि कडक स्टाउटला १० ते १३ अंश हवेत. इंग्रजी पुस्तकांत अर्धा तास बाहेर ठेवा असं असतं, ते तिकडच्या हवेला धरून. मुंबईत मे महिन्यात पंधरा मिनिटं पुरतात. पबमध्ये तर थांबण्याशिवाय दुसरं काही करायचं नसतं. ग्लास दोन्ही तळव्यांत धरा आणि बोलत बसा. माझ्या भावाने पहिला ग्लास आल्या आल्या संपवला आणि म्हणाला, "नुसती कडू आहे, ताई." माझा ग्लास वीस मिनिटांनी त्याला दिला तेव्हा त्याला काकवी सापडली. बिअर तीच होती.

ओतताना ग्लास तिरका धरा. थोडा भरला की सरळ करा आणि उरलेली मधोमध ओता. दोन बोटं फेस आला पाहिजे. बाटलीच्या तळाशी गाळ असेल तर शेवटचा घोट बाटलीतच राहू द्या.

डोळे, मग नाक

पाहण्यात फार वेळ घालवायची गरज नाही. ग्लास दिव्यासमोर धरा. कडेला माणकासारखी लाल झाक दिसली तर पोर्टर किंवा हलका स्टाउट असण्याचा संभव जास्त. पूर्ण अपारदर्शक असेल तर काळं धान्य सढळ हाताने पडलं आहे. फेसाचा रंग पाहा, कारण तो पांढरा नसतो. कढत दुधात चमचाभर कॉफी घातल्यासारखा तपकिरी असतो. जास्त अल्कोहोलच्या बिअरचा फेस लवकर बसतो, त्यात दोष नाही.

वासावर मात्र सावकाश वेळ द्या. पहिल्यांदा ग्लास नाकापासून वीतभर लांब धरून एक छोटा श्वास घ्या. जे पहिलं आठवेल ते मनात पकडा, मग ते कितीही विचित्र वाटो. नंतर ग्लास हलकेच गोल फिरवा आणि नाक काठाशी नेऊन दोन-तीन छोटे श्वास घ्या, मांजर हुंगतं तसे. एकच लांब श्वास घेतलात तर नाक थकतं. थकलंच तर स्वतःच्या मनगटाचा किंवा बाहीचा वास घ्या. ओळखीच्या वासाने ते ताजं होतं.

आता स्वतःला पायरीपायरीने विचारा. भाजणी कितपत आहे? खारी बिस्किट, भाजके शेंगदाणे, भाजकं खोबरं, कोको, कॉफी, करपलेल्या भाकरीचा पापुद्रा, कोळसा. ही एक चढती शिडी आहे, आणि तुमचा ग्लास तिच्या कुठल्या पायरीवर आहे ते ठरवा. मग गोड बाजू. साधा गूळ, चिक्कीचा पाक, काळा गूळ, की काकवी? मग फळं. कडक बिअरमध्ये यीस्ट आणि गडद माल्ट मिळून सुक्या फळांचे वास देतात. खजूर, मनुका, सुकं अंजीर, कधी पिकलेलं केळं. शेवटी अल्कोहोल. ८ टक्क्यांच्या चांगल्या बिअरमध्ये तो छातीत ऊब देतो, नाकाला टोचत नाही.

परदेशी वर्णनांत 'मोलॅसिस' आणि 'प्रून' असे शब्द असतात. प्रून मी कधी खाल्लंच नव्हतं, तेव्हा त्याचा वास मला बिअरमध्ये कुठून सापडणार? काकवी मात्र आजोळी कोल्हापूरहून डब्यातून यायची. ज्या दिवशी मी वहीत प्रूनच्या जागी काळ्या मनुका लिहिल्या, त्या दिवसापासून मला खरोखर चव कळायला लागली. दुसऱ्याचे शब्द पाठ करून चाखणारा माणूस शब्दच चाखतो. तुमच्या आजीच्या फडताळातले वास घेऊन ग्लासाकडे या.

घोट

पहिला घोट छोटा. तो फक्त तोंडाला ओळख करून देण्यासाठी. त्यावरून कुठलाच निकाल देऊ नका. दुसरा जरा मोठा घ्या, जिभेवर सगळीकडे फिरू द्या, पाच आकडे मोजा, गिळा. गिळल्यावर तोंड मिटून नाकाने हळूच श्वास सोडा. ही एवढी एक क्रिया शिकलात तरी लेख वाचल्याचं चीज झालं. घशाकडून नाकात मागच्या दाराने जाणारा वास पुढून घेतलेल्या वासापेक्षा निराळा असतो, आणि स्टाउटची निम्मी गंमत त्यात आहे. वाइन चाखणारे घोट थुंकतात. बिअर चाखणारे सहसा गिळतात, कारण गिळल्यानंतर काय उरतं हाच मुख्य प्रश्न असतो.

तोंडात तिचं वजन पाहा. ताकासारखी पातळ, दुधासारखी, की आटवलेल्या दुधासारखी? बुडबुडे टोचतात की गुदगुल्या करतात? गोड आधी येऊन कडू मागून येतो का? आणि तो कडूपणा कारल्यासारखा धारदार आहे, की कोऱ्या कॉफीसारखा गोलाई असलेला? पहिला बहुधा हॉप्सचा, दुसरा भाजणीचा. काळं धान्य किंचित आंबटही असतं, कॉफीत असतो तसा. कोकमाच्या आगळाइतकं आंबट लागलं तर मात्र काहीतरी बिघडलं आहे.

मग ग्लास दहा मिनिटं बाजूला ठेवा आणि परत या. कडक काळी बिअर तापमानाबरोबर बदलते. आधी कॉफी पुढे असते, कोमट होता होता सुकामेवा आणि काकवी वर येते, अगदी शेवटी अल्कोहोलची ऊब. सुरुवातीपेक्षा शेवटचा घोट चांगला लागला, तर समजा की ब्रुअरने मनापासून काम केलं आहे.

किती प्यायची

गणित सोपं आहे. ३३० मिली, ८ टक्के, म्हणजे २६ मिलीच्या आसपास शुद्ध अल्कोहोल. आपल्याकडच्या व्हिस्की-रमची ताकद ४२.८ टक्के असते, म्हणजे ३० मिलीच्या छोट्या पेगमध्ये साधारण १३ मिली. तेव्हा तुमचा एक ग्लास दोन छोट्या पेगांइतका आहे. चाखायला दोघांत एक ग्लास पुरतो, आणि एका संध्याकाळी त्यापुढे जिभेलाही फार काही कळत नाही. प्रत्येक ग्लासामागे तेवढंच पाणी प्या. गाडी घेऊन जाऊच नका. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे आणि ती फार लवकर ओलांडली जाते. लोकल आहे, टॅक्सी आहे.

बिघडलेली बिअर ओळखायची कशी

एकदा मी एका दुकानातून आयात केलेला महागडा स्टाउट आणला. दर्शनी काचेत, उन्हात, कित्येक महिने उभी असलेली बाटली होती ती. घरी उघडली तर भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास. पावसाळ्यात वर्तमानपत्रांच्या रद्दीला येतो तसा. हे हवेने आणि उष्णतेने होतं. तेव्हापासून मी आधी तारीख वाचते आणि मग किंमत. फ्रिजमध्ये ठेवलेलीच बाटली घेते.

इतर दोष: लोण्याचा किंवा थिएटरमधल्या पॉपकॉर्नचा दाट वास म्हणजे यीस्टला पुरेसा वेळ दिलेला नाही. उकडलेल्या मक्याचा किंवा कोबीचा वास माल्ट उकळताना राहिलेल्या उणिवेचा. कच्च्या हिरव्या सफरचंदाचा वास अर्धवट आंबवण्याचा. सोया सॉससारखा खारट वास बिअर फार जुनी झाल्याचा किंवा मेलेल्या यीस्टवर राहिल्याचा. नेलपॉलिश रिमूव्हर आठवलं तर आंबवताना उष्णता जास्त झाली. पबमध्ये असं काही जाणवलं तर सभ्यपणे सांगा. चांगले ब्रुअर त्यावर रागावत नाहीत, स्वतः येऊन चाखतात.

काही ब्रुअरी ग्राउलर, म्हणजे झाकणाची मोठी बाटली, भरून घरी देतात. तो सरळ फ्रिजमध्ये ठेवा, दोन-तीन दिवसांत उघडा आणि उघडला त्याच दिवशी संपवा. कडक स्टाउट वर्षानुवर्षं मुरवतात असं तुम्ही ऐकाल. ते खरं आहे, पण तिकडच्या गार तळघरांत. मुंबईच्या कपाटात बिअर मुरत नाही, शिजते.

सोबत काय खायचं

तिखटजाळ नको. अल्कोहोलने मिरचीची आग वाढते. तांबड्या रश्श्याबरोबर कडक स्टाउट घेतलात तर दोन्ही वाया जातील. भाजलेल्या वाटणाचे पदार्थ मात्र तिला सख्ख्या बहिणीसारखे जुळतात. काळ्या वाटाण्याची आमटी, मालवणी मटण सुकं, भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याचं कुठलंही दाट वाटण. कढईत खोबऱ्यावर झालेली क्रिया आणि पिंपात सातूवर झालेली क्रिया एकच, म्हणून चवी एकमेकींना ओळखतात. पापलेट किंवा बोंबलासारखी नाजूक मासळी हिच्यापुढे हरवते. अपवाद कालवांचा. लंडन आणि आयर्लंडमध्ये स्टाउटबरोबर कालवं खाण्याची जुनी रीत आहे. आपल्याकडे कोकणातली कालवं, मसाला बेताचा ठेवून सुकी केलेली, मी सोबत घेऊन पाहिली. समुद्राचा खारटपणा आणि भाजणीचा कडूपणा एकमेकांना इतके पूरक निघाले, की आता पावसाळा संपल्यावर आमच्याकडे एक रविवार यासाठी राखलेला असतो.

गोडात शेंगदाण्याची चिक्की, तिळाचा लाडू, इराण्याकडचा मावा केक. मावा केकच्या वेलचीने स्टाउटमधली कॉफी एकदम उजळते. श्रीखंड नको. त्याच्या आंबटपणापुढे बिअर करपट लागते.

वही

शेवटचं काम. एक छोटी वही करा. तारीख, नाव, टक्के, आणि पाच-सहा शब्द. गुण देऊ नका, आठ की साडेआठ यात सगळा वेळ जातो. गार असताना काय सापडलं आणि कोमट झाल्यावर काय, हे दोन रकाने पुरेत. महिन्याभराने तीच बिअर पुन्हा चाखा आणि जुनं पान नंतर उघडा.

भावाच्या वहीतलं पहिलं पान माझ्याकडे आहे. त्यावर एवढंच लिहिलं आहे, 'काळी. कडू.' गेल्या जुलैतल्या पानावर लिहिलं आहे: 'गार: कोरी कॉफी, भाकरीचा पापुद्रा. कोमट: काकवी, काळ्या मनुका, आईच्या मेतकुटाचा डबा उघडल्यासारखं काहीतरी. शेवट लांब, सुपारी अगदी जराशी.'